मातृसंघाने धुतलेला संडास

कबाले गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेवरच्या शाळेत फेरेस्टा क्यारिसिमा शिकवायची. पण गेली काही वर्षं शिकवण्यापेक्षा शाळेच्या संडासाची वकिलीच तिच्या वाट्याला जास्त आली होती. गुडघे गेले, आवाज बसला. पाणी खाली दरीतल्या झऱ्यावर आणि खड्डा खणावा तर खडक, म्हणून हा बिनपाण्याचा संडास. लघवी पुढच्या भोकातून वेगळी जायची, मागे पडेल त्यावर मूठभर राख टाकायची. पुढे त्याची सुकी माती व्हायची.

गावाला ते पटेल तर ना! "आपली घाण साठवतात, आणि उद्या त्यावर बटाटे लावतील," म्हणून आयांनी मुलींना तिथं बसायची बंदी केली. मुली दुपारी त्यासाठी घरी जायच्या, मोठ्या परत यायच्याच नाहीत. फेरेस्टाला 'राखवाली टीचर' म्हणत. ती ऐकून घ्यायची. चिडायलाही अंगात बळ लागतं.

आता शाळेच्या समितीने ठरवलं होतं, चर्चचे मोठे पाद्री, आर्चडीकन, शाळेला भेट देऊन गेले की संडासाच्या दाराला खिळे ठोकायचे.

रविवारी चर्च सुटल्यावर ती मातृसंघाच्या, म्हणजे चर्चमधल्या आयांच्या मंडळाच्या, बायांपुढे उभी राहिली. वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "निन्सिमा वर्गात पहिली यायची. आता येतच नाही." निन्सिमा ही संघाच्या प्रमुख एड्रिडाची नात. सगळ्यात जास्त टिंगल करणारी एड्रिडा बायांना बाजूला घेऊन कुजबुजू लागली.

आर्चडीकन यायच्या दिवशी सकाळी फेरेस्टा धापा टाकत चढ चढून आली, तर संडासापाशी भजन चाललेलं. बायांनी दरीतून डोक्यावर पाणी आणून भिंती, फरशी, दोन्ही भोकं, सगळं फिनेल टाकून धुतलं होतं.

"बघा टीचर!" घामाघूम एड्रिडा म्हणाली, "देवाच्या माणसासमोर लाज जायला नको. ताट मांडून जेवावं असं केलंय!"

"किती पाणी ओतलंत गं?"

"मोजतंय कोण? मान मोडली आमची."

खाली साठलेलं सगळं भिजून पातळ झालं होतं, आता दुर्गंधी सुटणार होती. फेरेस्टाच्या जिभेवर शब्द आले. पण या बायांनी पहिल्यांदाच त्या जागेला हात लावला होता. आज बोललं, तर परत दारातही यायच्या नाहीत.

"फार केलंत बायांनो," ती म्हणाली. मनात म्हणाली, देवा, आज वारा तरी तिकडे वळव.

वारा इकडेच आला. प्रवचन अर्ध्यावर असताना आर्चडीकनांनी नाकाला रुमाल लावला. समितीचे अध्यक्ष ताडकन उठले. "म्हणूनच सांगत होतो, खिळे ठोका! कोणी केलं हे?"

एड्रिडाने मान खाली घातली.

फेरेस्टा गुडघ्यावर हात टेकत उठली. "आत पाणी चालत नाही, हे मी बायांना नीट समजावलं नाही. चूक माझी. ही टर्म संपेपर्यंत वेळ द्या."

कितीदा सांगितलं होतं, ते तिलाच ठाऊक.

"द्या त्यांना टर्मभर," रुमालाआडून आर्चडीकन म्हणाले. "पण जेवण मात्र त्या टोकाला मांडा."

दुसऱ्या दिवशी फेरेस्टा नाकाला फडकं बांधून एकटीच राख ओतत होती. एड्रिडा आली. डोक्यावर राखेचं घमेलं, हातात बादली, मागे रुसलेली निन्सिमा.

"माझ्या चुलीची आहे, शेजारणीच्याही." मग फरशीकडे बघून हळूच म्हणाली, "टीचर, नुसत्या फरशीवर थोडं पाणी मारलं तर?"

फेरेस्टाने डोळे मिटले, उघडले. घमेलं आत घेतलं आणि बादली दाराबाहेर ठेवली. "हे मुलींना हात धुवायला."

"एवढं वर वाहून आणलं, ते हात धुवायला!" एड्रिडा कुरकुरली आणि पायरीवर बसली. "जा गं निन्सिमा, वर्गात जा. दुपारी इथंच यायचं, घरी नाही. मी बसलेय."

फेरेस्टाही तिच्याशेजारी टेकली. गुडघे ठणकत होते.