फाटकाच्या आतली जमुना

मारणारा मोकळा आणि मार खाल्लेली कुलपात, हा न्याय मी अमरावतीच्या एका महिलागृहात शिवण शिकवायला लागले तेव्हा पहिल्यांदा पाहिला. साल बासष्ट असेल. कुलपातली बाई म्हणजे तेल्हाऱ्याकडची जमुना.

न विचारता माहेरी गेली म्हणून नवऱ्यानं, सूर्यभाननं, तिच्या उजव्या हातावर विळा मारला होता. अकोल्याच्या कोर्टात खटला उभा राहिला आणि सूर्यभान जामिनावर सुटून थेट घरी येऊन बसला. मग जमुनानं राहायचं कुठे? कोर्टाला तिच्या जिवाची काळजी वाटली आणि निकाल लागेपर्यंत तिला आमच्याकडे धाडलं. हेतू चांगलाच होता. दोन वेळचं जेवण होतं, पक्कं छप्पर होतं. फक्त फाटकाला कुलूप होतं, आणि तारखेला अकोल्याला जाताना सोबत पोलीस शिपाई. बडनेऱ्याच्या फलाटावर लोक तिलाच गुन्हेगार समजून निरखत.

"मास्तरीणबाई," ती मला एकदा म्हणाली, "मार मी खाल्ला, मंग कुलूप मलेच काहून?"

मी तिला काजं करायला दिली. उजव्या हाताची मूठ वळत नव्हती, तर ती डाव्या हातानं शिकली. तिला हवं तरी काय होतं? निकाल लागला की तेल्हाऱ्याला भावाच्या, भगवंतच्या, शेजारी एक खोली घ्यायची, लोकांची परकर-पोलकी शिवायची आणि बाजाराला एकटीनं जायचं. 'एकटीनं' हे ती दरवेळी दोनदा म्हणायची.

निकाल लागला. सासरच्या साक्षीदारांनी सांगितलं की ती स्वतःच विळ्यावर पडली. सूर्यभान निर्दोष ठरला. खटला संपला म्हणजे जमुनाही सुटायला हवी होती. पण गृहाचा नियम असा, की बाईला जवळच्या पुरुष नातेवाइकाच्याच ताब्यात द्यायचं. भगवंतनं निरोप धाडला, सोयऱ्यांशी वैर नको. मी म्हटलं, मी नेते तिला माझ्या घरी. मी नात्यातली नाही आणि पुरुषही नाही, हे अधीक्षिकाबाईंनी मला शांतपणे समजावून सांगितलं. माझं डोकं फिरलं, पण नियम काही हलला नाही.

त्याच सुमारास मुंबईहून सरकारच्या एक बाई आल्या. अशा गृहांचा पीडित बायकांना खरंच किती उपयोग होतो, हे त्यांना पाहायचं होतं. अधीक्षिकाबाईंनी नेमकं त्या दिवशी सूर्यभानला बोलावून घेतलं. पाहुण्यांच्या देखत मोडलेला संसार जुळला म्हणजे गृहाचं नाव! तो धुतलेलं धोतर नेसून आला आणि त्याला पुढची खुर्ची मिळाली. जमुनाला सगळ्यांसमोर विचारलं, नवऱ्याबरोबर जातेस का? तिसरी वाट कोणी काढलीच नाही.

तिनं फाटकाकडे पाहिलं.

"इथंच राहू द्या मले," ती म्हणाली.

मुंबईच्या बाई इतक्या खूश झाल्या की उभ्या राहून बोलल्या. नवरा न्यायला आला तरी इथून जावंसं वाटत नाही, यापेक्षा या गृहाचं मोठं यश ते कोणतं, म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. त्यानं कुणाचं काय बिघडलं म्हणा.

मग चहा आला. त्या आठवड्यात चहा देण्याची पाळी जमुनाची होती, आणि आज ती बदलावी एवढंही कुणाला सुचलं नाही. ती डाव्या हातानं एकेक कप नेऊन देत होती. मी उठून तिच्या हातातला कप घ्यायला गेले, तोवर ती सूर्यभानसमोर पोचली होती. त्यानं तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं, एक घोट घेतला.

"साखर कमी हाये," तो म्हणाला.

जमुना आत गेली आणि साखर घेऊन आली. चहा संपवून तो उठला. दरवानानं त्याला रामराम करून फाटक उघडून दिलं, आणि तो बाहेर पडल्यावर पुन्हा कुलूप लावलं.