पाहुणी गाडी आणि गिरासे मॅडमचा खो

कुसुमताई गिरासे मॅडमशी माझी ओळख झाली ती त्यांच्या रागावण्याने. शहाद्याच्या शाळेच्या मैदानावर त्यांनी नुकतीच फक्की मारून रेषा आखल्या होत्या आणि केळीचे घड वाहणारी माझी यंत्रगाडी त्या रेषा पुसत थेट मधोमध जाऊन उभी राहिली. मी नवाकोरा इंजिनिअर. गाडी आपली आपण चालते, याचीच मला केवढी मिजास! निवृत्तीनंतरही रोज खो-खो शिकवायला येणाऱ्या मॅडमनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "भाऊ, तुन्ही गाडी शहाणी शे, पण तिले खेळता येस का?" मी हसलो. ते हसू मला पुढे चांगलंच महागात पडलं.

केळीचा घड जमिनीला टेकू द्यायचा नसतो. एकाने कापायचा, दुसऱ्याने खांद्यावर झेलायचा. मोलगीकडून कामाला येणाऱ्या रूपसिंगदादांचा खांदा घड झेलून झेलून कामातून गेला होता. घड झेलायला गाडीशी जोडी जमली, तर ते कापणीवर राहणार होते. नाहीतर पुढच्या हंगामाला येऊ नका, असं मुकादमाने सांगूनच ठेवलं होतं. आणि गाडी तर माणसांना बिचकवत होती. मॅडम म्हणाल्या, आधी दोघांना खेळायला लावा.

खेळ त्यांनीच बसवला. माणसं ओळीत बसायची, गाडी एकेकाच्या पाठीशी येऊन थांबायची. त्याने तिच्यात चेंडू ठेवून "खो" म्हटलं की तिने पुढच्याकडे जायचं. वाटेत कुणी असेल तर थांबायचं. धक्का लागला तर डाव गेला. प्रत्येक डावातून गाडी शिकत होती. आठवडाभर एकही डाव गेला नाही, तेव्हा मी पेढे वाटले.

बागेत पहिल्याच दिवशी गाडी सरळ कापणीत गुंतलेल्या रूपसिंगदादांच्या गुडघ्यावर गेली. घड खाली पडला. बागवाले म्हणाले, "उचला हे धूड." दादा नुसता गुडघा चोळत बसले. मला फार लाज वाटली.

मॅडमनी चार दिवस मागून घेतले आणि आम्हाला परत मैदानावर नेलं. पहिला डाव त्या नुसत्या पाहत उभ्या राहिल्या. गाडी आली की दादा आणि त्यांची माणसं हसत, अदबीने बाजूला सरकत होती. माणसं आपणहून हटतात, एवढंच गाडी शिकली होती, आणि मी कागदावरचे गुण मोजत बसलो होतो!

"तुम्ही खेळी नही ऱ्हायनात, पाहुणचार करी ऱ्हायनात!" मॅडम कडाडल्या.

रूपसिंगदादा खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, ती पहिलांदाच आयेल शे. पाहुणीले आउट कसं करानं?"

मॅडमना हसू आलं. मग पदर खोचून त्या स्वतः गाडीच्या वाटेत बसल्या. गाडी आली, त्या हलल्या नाहीत. नडगीला धक्का बसला. "डाव गेला, लिही!" पुन्हा बसल्या. ते पाहून दादाही बसले, मग सगळेच. चौथ्या दिवशी गाडी हातभर अलीकडे थांबायला शिकली. त्या चार दिवसांत मला जेवणाची शुद्ध नव्हती. मॅडम माझ्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून आणत आणि मी खाईपर्यंत समोरून उठत नसत. नडगीवरच्या काळ्यानिळ्या डागाबद्दल मात्र त्यांनी एक अक्षर काढलं नाही.

पाचव्या दिवशी बागेत दादांनी विळा उचलला आणि मागे वळून न पाहता म्हणाले, "खो." गाडी अलगद घडाखाली आली. घड तिच्यावरच्या गादीवर टेकला. मॅडमनी डोळे पुसलेले मी पाहिले. त्या अजूनही धूळ गेली होती म्हणतात. दादा आज त्याच बागेत कापणीला आहेत. ते मैदान, ती फक्की आठवली की मला अजून तिथेच जाऊन बसावंसं वाटतं.

मॅडम, पंचाहत्तरीनिमित्त आज आम्ही तुम्हाला खुर्चीवर बसवून शाल, हार, पेढे असा यथासांग पाहुणचार करणार आहोत. तुम्हाला तो रुचणार नाही, पण एवढा एक दिवस सोसा. तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत आणि आम्हाला दटावणारा आवाज असाच खणखणीत राहो. उद्या संध्याकाळी मैदानावर या. दादा येणार आहेत, गाडीही येणार आहे. तुम्ही तिच्या वाटेत खुशाल बसा. ती हातभर अलीकडे थांबेल आणि तुमच्या खोची वाट पाहील.