हललेले फोटो

सुवर्णाचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या कार्यालयात ओळखपत्रांसाठी मुलांचे फोटो वर्गवार लावत होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. ती एवढंच म्हणाली, "अक्का, हे उठंनात." सुवर्णा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, नागनाथची बायको. मी तिला लागोपाठ तीन प्रश्न विचारले. श्वास आहे का, डॉक्टरांना बोलावलं का, जवळ कोण आहे. डॉक्टर येऊन गेले होते. आंघोळ करून ओट्यावर बसला, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत संपलं होतं. मग विचारायला काही उरलं नाही. बीडहून चौसाळ्याला जाणाऱ्या एसटीत बसल्यावर मी पर्समधली वही काढली आणि यादी केली. विधीसाठी जंगमांना निरोप, फुलं, विभूती, मीठ, कुणाकुणाला कळवायचं. मला दुसरं काही येत नाही. भाऊ गेला होता आणि मी बसच्या हादऱ्यांत वाकड्या अक्षरांत 'मीठ' लिहीत होते... त्याला आता पाच आठवडे झाले.

नागनाथ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. नव्वदीच्या सुरुवातीला, गावोगाव एसटीडीची दुकानं आणि रंगीत टीव्ही येत होते तेव्हा, तो बीडमधल्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागला. आमचं चौसाळ्यात किराणा दुकान होतं. ते सोडून हा अंधाऱ्या खोलीत काय करतो, म्हणून वडील वर्षभर त्याच्याशी धड बोलले नाहीत. रोलमध्ये छत्तीस फोटो यायचे आणि मालकाचं प्रत्येकावर लक्ष असायचं. एका नागपंचमीला नागनाथनं झोक्यावरच्या मुलींचे चार फोटो काढले. चारही हलले. मालक गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "झोका तुझ्या बापाचा हाय का बे, का रोल?" हे नागनाथनंच मला हसत हसत सांगितलं होतं. वर म्हणाला, "पर अक्का, एका फोटूत पोरीची वेणी अशी आली व्हती, जशी कुणी बोटानं शाई वढली." तो फोटो मालकानं फाडून टाकला होता.

पुढं त्यानं चौसाळ्यात बसथांब्याजवळ स्वतःचा स्टुडिओ टाकला आणि वीसेक वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगितली. हलू नका. नोकरीच्या अर्जाचे फोटो, मुलगी दाखवायचे फोटो, लग्नाचे गट, सगळीकडे हलू नका. आणि त्यात एक काम असं होतं, की ज्याचं त्याला मनापासून दुःख व्हायचं. आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की त्याला बसवतात. न्हाऊमाखू घालून, विभूती लावून भिंतीशी टेकवून बसवायचं, मान ढळू नये म्हणून कपाळावरून कापड बांधायचं आणि बसल्या अवस्थेतच मीठ, विभूती घालून मातीत ठेवायचं. त्याआधी घरची माणसं भोवती बसून फोटो काढून घेतात. त्या काळी कितीतरी म्हाताऱ्यांचा जन्मात काढलेला तेवढाच एक फोटो असायचा. तो काढायला आसपासच्या गावांतून नागनाथला बोलावणं यायचं. घरी आला की जेवायचा नाही. एकदा एवढंच म्हणाला की, बाई जन्मभर पाण्याला पळाली, शेतात पळाली, आणि भिंतीवर आता अशी बसून राहणार.

मग मोबाईल आले. स्टुडिओ बंद झाला. त्यानं तिथंच झेरॉक्स मशीन टाकलं, ऑनलाइन अर्ज भरून द्यायला लागला. आम्हा सगळ्यांना त्याची कीव आली, पण तो मात्र खुशीत होता. कारण त्याच्या हातात आता रोल नसलेला कॅमेरा होता. कितीही काढा, कुणी विचारत नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस हमरस्त्याच्या कडेला उभा राहून जाणाऱ्या गाड्यांबरोबर कमरेतून वळायचा, कोपरं बरगड्यांना चिकटवून, श्वास धरून. ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेल्या बाईचा एक फोटो त्यानं मला दाखवला होता. तिचा चेहरा स्वच्छ, आणि मागचं अख्खं गाव नुसत्या आडव्या रेघा. भर उन्हात तो फोनच्या भिंगासमोर काळ्या गॉगलची काच धरायचा. ऊन जास्त असलं की फोन झटकन डोळा मिटतो, मग फोटोत काही वाहत नाही, सगळं गोठतं, असं त्याचं म्हणणं. थांब्यावरचे लोक चेष्टा करायचे. "नागूशेट, गॉगल डोळ्याला लावतेत. फोनला ऊन लागायलंय का?" तो म्हणायचा, "लागायलंय तर. तुमच्यावानी काळा पडंल त्यो." मलाही शिकवायला बघायचा. मी म्हणायचे, सुट्टीत शिकव.

आईचा फोटो काढणं अवघड होतं. समोर खुर्ची ठेवली की ती म्हणायची, "मी काय मेले का रे, बसवून फोटू काढायला?" म्हणून नागनाथनं तिला बसवणंच सोडून दिलं. दोन हिवाळे तो तिन्हीसांजेला स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला फोन टेकवून, आपोआप फोटो निघत राहतील असा लावून ठेवायचा आणि ती भाकरी थापायला लागली की बाजूला होऊन गप्पा मारत राहायचा. आई बोलायची, डोकं हलवायची, परातीत भाकरी फिरवायची. त्याचे किती फोटो झाले होते देव जाणे. तिसऱ्या हिवाळ्याआधी आई गेली. तिला बसवल्यावरचा फोटो नागनाथनंच काढला. तो मला म्हणाला होता की, हा भिंतीवर लावू नका, माझ्याकडं आई आहे.

त्यानंतर चार महिन्यांनी त्याच्या फोनची काच तडकली आणि जागाही भरली. मी म्हटलं, मी बघते. नवीन फोन मी घेऊन देणार होते आणि जुना दुकानदार बदल्यात घेणार होता. नागनाथ म्हणाला, बरं झालं अक्का, तू नीट करशील. रविवारचा एक दिवस मी त्यासाठी ठेवला. वहीत कामं लिहिली : नंबर उतरवणे, कागदपत्रं वेगळी करणे, फोटो लावणे, नको ते काढणे. फोटो उघडले तर सगळा गोंधळ. एकच गोष्ट पन्नास पन्नास वेळा, आणि बहुतेक हललेल्या. शाळेत मी दरवर्षी हेच काम करते. ओळखपत्राचा हललेला फोटो चालत नाही, तो परत पाठवायचा असतो. मी दुपारभर बसून हललेले सगळे काढले, चांगले तेवढे नवीन फोनमध्ये घेतले, नावं देऊन, वर्षवार. संध्याकाळी जुना फोन आतलं सगळं पुसून दुकानात दिला. वहीतल्या सगळ्या कामांवर खूण झाली. मला फार बरं वाटलं होतं, हे लिहायला हवं.

पुढच्या रविवारी फोन द्यायला चौसाळ्याला गेले. तो ओट्यावर बसून फोटो वर-खाली करत राहिला. मग म्हणाला, "आईचे कुठंत?"

मी दाखवले. नावानं वेगळे लावले होते. अकरा होते. सगळे लग्नकार्यातले, खुर्चीवर बसलेले.

"भाकरीचे?"

"ते सगळे हलले होते रे. काढून टाकले."

त्यानं फोन मांडीवर पालथा ठेवला. आवाज चढला नाही. "फोटू न्हाई हलला, अक्का. आई हलत व्हती."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी त्याच पावली बीडला आले, दुकानात गेले. जुना फोन पुढं गेला होता. त्या दुकानदारानं, आणि नंतर आणखी दोघांनी, काही परत येणार नाही म्हणून सांगितलं. नागनाथला हे फोनवर कळवलं तर तो म्हणाला, "असू दे. चहा घेतलास का?" त्यानंतर त्यानं फोटो काढले नाहीत. कुणी सांगितलं नाही, माझ्याच ध्यानात आलं. नागपंचमीला झोके बांधले होते आणि तो खिशात हात घालून उभा होता. माझ्याशी वागणं तसंच राहिलं. दिवाळीला यायचा, फराळ खायचा, मी चौसाळ्याला गेले की मला सोडायला थांब्यापर्यंत यायचा. रागावला असता तर मी पाय धरले असते. तो रागावलाच नाही.

माझ्या वहीत दर आठवड्याची यादी असते. जे राहिलं ते पुढच्या आठवड्यात उतरवायचं. 'नागूशी बोलणे' हे तीन नंबरला चार वर्षं उतरत आलं आहे. विजेचं बिल, गॅस, नागूशी बोलणे. काय बोलायचं ते ठरत नव्हतं, म्हणून पुढं जात राहिलं... त्या मंगळवारी एसटीत मीठ, फुलं लिहिलं ते त्याच पानावर, त्याच्याच खाली.

त्याला बसवलं. कापड बांधलं, माळा घातल्या. आता फोटो कुणी काढायचा, असं कुणीतरी विचारलं. गावात ते काम त्याचंच होतं. मग चुलतभाऊ मला म्हणाला, "अक्का, तुमी काढा. तुमचा फोन चांगला हाय." माणसं भोवती बसली. मी उभी राहिले आणि काढला. माझ्यानंतर आणखी दोघांनी काढले. त्यातला एक चांगला आला, तो सुवर्णानं मोठा करून लावला आहे. सगळं स्पष्ट आहे त्यात, कापडाची गाठसुद्धा.

मी काढलेला मी पाहिलाच नव्हता. आता फोन स्वतःच साफसफाई सुचवतात, हललेले फोटो वेगळे काढून दाखवतात आणि पुसू का म्हणून विचारतात. दोन रविवारांपूर्वी माझ्या फोननं एकच दाखवला. नागनाथची मान किंचित वळलेली, ओठांशी काहीतरी पुसट, जसा बोलायला लागला आहे. मी 'पुसू नको' म्हणून दाबलं. या रविवारी त्यानं पुन्हा विचारलं.

नागनाथ सांगायचा, फोटोत आधी मागची भिंत बघायची. भिंत स्वच्छ असली तर माणूस हललं. भिंतही पुसट असली तर काढणाऱ्याचा हात हलला. माझ्या फोटोत भिंत पुसट आहे. खिडकीची चौकट, कॅलेंडर, सुवर्णाचा पदर, सगळं. तरी रोज एकदा तो फोटो मोठा करून बघते, भिंतीतली एखादी रेघ कुठं स्वच्छ आहे का. अजून सापडलेली नाही.