मागे एकही गाठ नाही

मैत्रिणींनो, आत्ताच मुलुंडहून घरी आलेय. तिथल्या मेळाव्यातल्या हस्तकला स्पर्धेत मी आणि माझी शाळेतली मैत्रीण सुनंदा, दोघींनी मिळून केलेला टेबलक्लॉथ ठेवला होता. भरतकाम तिचं, क्रोशाची किनार माझी.

परीक्षक बाईंनी तो उलटून पाहिला. "मागे एकही गाठ नाही. मशीनचं दिसतंय."

मी सांगितलं, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आधी उलटी बाजूच बघायच्या. गाठ दिसली की सगळं उसवायला लावायच्या.

"मग काकू, इथे एक फूल काढून दाखवा ना," त्या सुनंदाला म्हणाल्या.

सुनंदाचे हात गेल्या वर्षापासून थरथरतात. भरतकाम त्याआधीचं. तरी तिने पिशवीतून भरतकामाची रिंग काढली, सुई घेतली. दोरा काही ओवला जाईना. मी ओवायला पुढे झाले, तर म्हणाली, "राहू दे गं. ओवलास तरी पुढे काय?"

आम्ही बाद झालो.

रिक्षात तिने रिंग आणि रेशमाच्या लडी माझ्या मांडीवर ठेवल्या. "तू ने. माझ्याकडे नुसतं पडून राहील."

मी घेतलं. तुम्ही असता तर घेतलं असतं?