दसऱ्याला बंद केलेला सर्व्हर

आज सून दाराला झेंडूचं तोरण लावत होती. त्या वासाने मला माझीच किळस आली.

सातपूरच्या कारखान्यात दसऱ्याला यंत्रं बंद ठेवून पूजायची रीत होती. मी पडलो साहेब, कारखान्याची ड्रॉइंग्ज साठवलेला सर्व्हरही बंद करायला लावला.

"साहेब, तो काय लेथ आहे का?" कॉम्प्युटर ऑपरेटर शैलाताई हसल्या.

पूजेनंतर सर्व्हर सुरूच होईना. शैलाताईंनी कळ दाबून धरून दुरुस्तीचा मेनू पडद्यावर आणला. "थांबा, आधी वाचू द्या."

"मला शिकवता?" म्हणत मी न वाचताच पूजेच्या कुंकवाने माखलेल्या बोटाने खालची ओळ निवडली. ती सगळं पुसून नव्याने सुरू करायची होती; कारखान्याची सगळी ड्रॉइंग्ज पुसली गेली.

"कोणी केलं?" मालकांनी विचारलं. कुंकवाचं तेच बोट मी शैलाताईंकडे रोखलं. त्यांची नोकरी गेली. हा भेकड मात्र हारतुरे घेऊन निवृत्त झाला.