कचऱ्याच्या गाडीवरचं गाणं

वर्ध्यात आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी चालवणाऱ्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. डबा रिकामा केला की ती तो दोनदा आपटून परत देते. गाडीच्या भोंग्यावर रोज सकाळी एकच जुनं, आनंदी सिनेगीत वाजतं.

लॉकडाउनमध्ये त्या गाण्यासाठी आम्ही फाटकाशी येऊन थांबायचो. दिवसभरात बाहेरून येणारा तेवढाच आवाज असायचा. समोरचे निवृत्त मास्तर आणि काकू तर टाळ्यांनी ठेका धरायचे. आता तेच गाणं लागलं की लोक खिडक्या लावून घेतात. कोणी "आवाज कमी करा" म्हणालं, की ती मुकाट्याने बटण फिरवते.

मास्तरांच्या घरापुढे मात्र ती गाणं पूर्ण बंद करते आणि उतरून डबा स्वतः आणते. परवा मी कारण विचारलं.

"मास्तर त्याच साथीत गेले ना, ताई. मंग एक दिवस हे गाणं आयकून काकू पायरीवरच बसल्या अन् रडाले लागल्या. मले वाटत होतं, गाणं खुशीचं हाय. पण त्यायच्यासाठी ते खुशीचं नाई राह्यलं."

काल काकू आपणहून बाहेर आल्या. "आज गाणं नाही का?" त्यांनी विचारलं.

बाईने अगदी हळू आवाजात गाणं लावलं, आणि ते संपेपर्यंत गाडी पुढे नेली नाही.