नैवेद्याआधीची गोळी

"तुमच्या हृदयाला काहीही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "हा पॅनिक अटॅक होता."

माझ्या छातीला अजून तारा चिकटलेल्या होत्या. मला वाटलं, हा काहीतरी मोठाच आजार आहे आणि हे मला बेताबेताने सांगत आहेत. मग त्यांनीच समजावलं. पॅनिक अटॅक म्हणजे एकाएकी उसळलेली भीती. समोर वाघ नसतो, पण शरीर वाघ आल्यासारखं वागतं. छाती धडधडते, हात बधिर होतात, श्वास पुरत नाही. "यात माणूस मरत नाही. पण आपण मरतो आहोत असंच वाटतं."

मला तसंच वाटलं होतं. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसायला महिना होता. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी माळ्यावरची मोठी पातेली काढून मी घासायला बसले होते. मनात पंगती चालू होत्या, कोण किती जण येतील, सोळा भाज्या कुठून आणायच्या. तेवढ्यात डावा हात गेल्यासारखा झाला.

"काहून वं, काय होऊन राहिलं?" माझे यजमान विचारत होते. मी छाती दाखवली. ह्यांनी ऑटो केला.

ईसीजी झाला, म्हणजे हृदयाचे ठोके कागदावर रेघांनी उमटवतात. टू-डी इको झाला, म्हणजे हृदयाचं चालणं पडद्यावर बघतात. रक्त तपासलं. सगळं चांगलं निघालं. मला आनंद व्हायला हवा होता, पण लाज वाटली. काही नसताना मी सगळ्यांना पळवलं होतं.

त्या डॉक्टरांनी धरमपेठेतल्या मनाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. मी घाबरले. मला वेड लागलं आहे का?

तिथे मी पदर कपाळापर्यंत ओढून बसले, ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून. समोर कॉलेजच्या दोन मुली होत्या, एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते, एक बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. ओरडणारं कोणी नव्हतं. ती माझ्यासारखीच माणसं होती.

डॉक्टर बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "बसून, गरम चहा शेवटचा कधी प्यायलात?"

मी आठवून पाहिलं. आठवेना. मग मी रडू लागले आणि माझं मलाच नवल वाटलं.

आजाराचं नाव त्यांनी ॲन्झायटी डिसऑर्डर सांगितलं, म्हणजे काळजी करणाऱ्या मनाला थांबता येत नाही. रोज सकाळी काही खाऊन एक गोळी घ्यायची. "सणाच्या दिवसांत कामं वाटून द्या. दिवसातून दोनदा दहा मिनिटं नुसतं बसा. आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही."

मी मान हलवली. तीन आठवडे गोळी घेतली आणि झोप लागायला लागली.

पण आमच्याकडे महालक्ष्म्यांचं कडक असतं. फुलोरा, म्हणजे देवींच्या वर टांगायच्या करंज्या-पापड्या, त्या तळायला घेतल्या की तिथून जेवणाच्या दिवसापर्यंत रोज नैवेद्य होईस्तोवर मी तोंडात पाणीसुद्धा घालत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी मी सासूबाईंना तसंच पाहिलं. त्यांना विचारायची हिंमत नव्हती. पाहिलं तेच धरलं. बत्तीस वर्षं.

आता गोळीला खाणं हवं, पाणी हवं. मी गोळ्यांचं पाकीट तुरीच्या डाळीच्या डब्यामागे ठेवलं. म्हटलं, तीन दिवसांनी काय बिघडतं?

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या दिवशी सकाळी, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. मी सोवळ्यात पुरण ढवळत होते. छातीत तीच धडधड सुरू झाली. मी गॅसजवळच खाली बसले.

माझी धाकटी जाऊ मंदा कन्हानहून आली होती. तिने आधी गॅस बंद केला. "ताई, मह्याकडे पाहा. काय होऊन राहिलं?"

"गोळी घेतली नाई."

"काहून?"

"नैवेद्य व्हायचा आहे ना."

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातून ऐकत होत्या. "कोणं सांगतलं तुले असं?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलट उत्तर दिलं. "तुमीच तं पानी नव्हत्या पीत. मी पाहिलं."

आई दारातून आत आल्या.

"अवं, मी चहा पीत होती! कोठीच्या खोलीत. दोन-दोन खेपा. माह्या सासूले दिसू नये म्हणून दार लावून."

मंदा हसायला लागली. "आई, तुमी बी!" आई हसल्या नाहीत. डब्यातून बिस्किटं आणली, पाणी आणलं आणि माझ्यासमोर खाली बसल्या.

"खाय. मंग गोळी घे."

"महालक्ष्म्या पाहून राहिल्या," मी म्हटलं.

"पाहू दे. बायाच व्हय त्या."

उरलेलं पुरण त्या दिवशी ह्यांनी वाटलं. "एवढा जोर लागते काय याले!" म्हणत पुरणयंत्र फिरवत होते. मंदाने पोळ्या लाटल्या. मी देवीसमोर भिंतीला टेकून बसले होते. नैवेद्याला उशीर झाला. पंगतीतलं कोणी उठून गेलं नाही, कोणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंनी सांगितलं की ही गोळी एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात झटके येतात, आजारही उचल खातो. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मला आधी विचारलं असतं तर मी वेळ बदलून दिली असती."

विचारणं. तेवढंच मला कधी जमलं नाही. चौथीत शाळा सुटली तेव्हाही का म्हणून विचारलं नाही. आज मुलीच्या जुन्या वहीत हे लिहिते आहे, कारण माझ्यासारखी कोणीतरी आत्ता कुठेतरी पातेली घासत असेल. बाई, छातीत दुखलं तर आधी हृदय तपासून घे. ते चांगलं निघालं तर लाजू नको, मनाच्या डॉक्टरकडे जा. गोळी डब्यामागे ठेवू नको. आणि जे कडक म्हणून पाळते आहेस, ते खरंच कोणी सांगितलं होतं का, एकदा विचारून बघ.

त्याला वर्ष झालं, पण अजून मला गर्दीची धास्ती वाटते. गोळी चालू आहे. यंदा फुलोरा मंदा कन्हानहून करून घेऊन आली, भाज्या ह्यांनी चिरल्या, वेड्यावाकड्या.

जेवणाच्या दिवशी सकाळी आईंची हाक आली. "चहा झाला वं. गोळी घेऊन ये."

कोठीच्या खोलीकडे वळले तर त्या तिथे नव्हत्या. स्वयंपाकघरात, दार उघडं टाकून, दोन कप घेऊन बसल्या होत्या. समोर महालक्ष्म्या दिसत होत्या.

मी बसले. चहा गरम होता.